घरपोच वाणसामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातलं निम्म्याहून अधिक वाणसामान आता दारात येतं आणि उरलेलं मी पिशवी घेऊन जाऊन आणते. ही वाटणी ठरायला बरेच महिने लागले. मधल्या काळात थोडे पैसे वाया गेले आणि एकदा तर घरात मिठाची सहा पाकिटं जमली. शेजारीपाजारी, नातेवाईक आणि ऑफिसातल्या मैत्रिणी जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एका वाक्यात सांगा: मागवावं की नाही?

सीलबंद आणि नेहमीच्या ब्रँडचं असेल ते मागवा, हातात घेऊन पारखावं लागतं ते स्वतः आणा. खाली जे काही आहे ते या वाक्याला लागलेले अपवाद.

दुकानात न जाता सामान घ्यायचं ही नवीनच टूम आहे ना?

उलट आहे. दुकानात शिरून फळीवरची वस्तू आपल्या हाताने उचलायची, हीच पद्धत त्यामानाने नवी. क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थांनी १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ हे दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली देऊन त्याला थेट फळ्यांपर्यंत सोडलं. तोवर सर्रास पद्धत अशी, की गिऱ्हाइकाने यादी सांगायची आणि काउंटरपलीकडच्या माणसाने माल काढून, मोजून, बांधून द्यायचा.

म्हणजे ऑनलाइन मागवताना आपण शंभर वर्षांपूर्वीच्या काउंटरशीच परत आलो आहोत. फरक एवढाच, की काउंटरवर उभं राहून ‘हा नको, तो दाखवा’ म्हणता यायचं. आता पलीकडचा माणूस दिसत नाही आणि त्यालाही आपण दिसत नाही. या सगळ्या प्रकाराचे फायदे आणि तोटे बघायला गेलं तर इथूनच निघतात.

यादी पाठवल्यावर पलीकडे नेमकं काय होतं?

दोन प्रकार आहेत आणि तुमची ऑर्डर कुठल्या प्रकारात मोडते हे कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

पहिल्या प्रकारात एखादा कर्मचारी चालू दुकानातच फिरून तुमची यादी गोळा करतो. अमेरिकेत पार्किन्सन बंधूंनी १९८९ मध्ये ‘पीपॉड’ सुरू केलं ते असंच. गिऱ्हाइकांनी कॉम्प्युटर आणि मोडेमवरून यादी पाठवायची आणि कंपनीच्या माणसांनी सुपरमार्केटमध्ये जाऊन ती आणून द्यायची. दुसऱ्या प्रकारात गिऱ्हाइकांना प्रवेशच नसलेलं गोदाम असतं. त्याला ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. तिथली मांडणी ऑर्डर पटकन भरता यावी एवढ्याच हिशेबाने केलेली असते. हातातल्या यंत्रावर पुढची वस्तू कुठल्या फळीवर आहे ते दिसतं, बारकोड जुळला की पुढे.

‘स्टॉकमध्ये आहे’ असं दिसत असूनही वस्तू आली नाही, ही तक्रार पहिल्या प्रकारात जास्त असते. कारण सोपं आहे. दुकानातल्या दुसऱ्या कुणीतरी ती वस्तू फळीवरून उचललेली असते, पण तिचं बिल होईपर्यंत संगणकाच्या लेखी ती फळीवरच असते. दूध संपल्याची वेळ संध्याकाळची असेल तर ही शक्यता आणखी वाढते.

डोळे झाकून मागवता येईल असं काय काय?

पीठ, साखर, मीठ, तेल, डबाबंद पदार्थ, साबण, धुण्याची पावडर, टॉयलेट पेपर, डायपर, कुत्र्या-मांजरांचं खाणं. यातलं बहुतेक जड तरी असतं किंवा जागा खाणारं तरी. घरी कुणाची कंबर धरलेली असेल, लिफ्ट बंद असेल किंवा मूल कडेवर असेल, तर पाच लिटरचा तेलाचा डबा दारात येण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि भाज्या, फळं?

इथे मात्र थांबून बोलू.

दुकानात आपण टोमॅटो उचलतो तेव्हा हात, डोळे आणि नाक तिन्ही एकाच वेळी काम करत असतात. शिवाय आपल्याला आजच्यासाठी हवेत की चार दिवसांनी, हे डोक्यात असतं. निवडणाऱ्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्याकडे तुमच्याआधी एक यादी असते, तुमच्यामागे दुसरी असते आणि घड्याळ चालू असतं. तो वाईट माल मुद्दाम घालतो असं मला वाटत नाही. तो हाताला लागलेला पहिला बरा माल घालतो आणि आपण दुकानात जाऊन पहिला कधीच घेत नाही.

म्हणून सगळ्या भाज्यांना एकच नियम लावू नका. कांदे, बटाटे, गाजरं, कोबी, लिंबू, सफरचंद हे चार धक्के सोसतात आणि फार फसवत नाहीत. ते मागवायला हरकत नाही. पालेभाज्या, पिकलेली केळी, स्ट्रॉबेरी, द्राक्षं, अवाकाडो, कलिंगड यांत जुगार आहे. कलिंगडावर बोटाने टिचकी मारून बघणारं बटण अजून कुठल्या अ‍ॅपमध्ये निघालेलं नाही.

मागवायचंच झालं तर सूचना लिहिण्याचा जो रकाना असतो तो वापरा आणि नेमकं लिहा. ‘चांगली बघून द्या’ या वाक्याला काही अर्थ नाही. ‘केळी हिरवट, चार दिवसांनी खायची आहेत’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीतरी करता येतं. माझा अनुभव असा, की नेमकी सूचना दहापैकी सहा-सातदा पाळली जाते आणि मोघम सूचना कधीच नाही.

भाजी आली की पिशवी उघडून लगेच सगळं वेगळं करा. सफरचंद, केळी, टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने शेजारच्या पालेभाज्या, काकडी, ब्रोकोली लवकर पिवळ्या पडतात. बंद पिशवीत तर हा प्रकार आणखी जोरात होतो. बटाटे हिरवट दिसले तर ते उजेडात राहिलेले असतात. त्यांत सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असू शकतं, तेव्हा असे बटाटे परत करा. शिजवून सोलानिन जात नाही.

ऑनलाइन स्वस्त पडतं की महाग?

दोन्ही. आणि हे उत्तर टाळण्यासाठी देत नाहीये.

वस्तूची छापील किंमत ही हिशेबाची फक्त पहिली ओळ. तिच्याखाली डिलिव्हरीचा आकार (म्हणजे शुल्क), हाताळणीचा आकार, ऑर्डर लहान असल्याचा आकार, गर्दीच्या वेळेचा आकार, कधी पिशवीचे पैसे, असं बरंच काही असतं. यातल्या बऱ्याच ओळी अगदी शेवटच्या पानावर उगवतात. शिवाय काही ठिकाणी तीच वस्तू दुकानात एका भावाने आणि अ‍ॅपवर जरा चढ्या भावाने असते. तेव्हा ‘डिलिव्हरी मोफत’ असूनही पैसे गेलेलेच असतात, फक्त दुसऱ्या खिशातून.

डिलिव्हरीचा आकार ठरावीक असेल तर ऑर्डर जितकी लहान तितका तो बोचतो. समजा आकार ३० आहे. १,५०० च्या ऑर्डरवर तो २ टक्के झाला, पण १५० च्या ऑर्डरवर २० टक्के. एक ब्रेड आणि कोथिंबिरीची जुडी मागवणाऱ्याने दुकानातला भाव आणि अ‍ॅपवरचा भाव यांची तुलना करण्यात अर्थच नाही.

दुसरी गोष्ट एकक भावाची. पडद्यावर सगळी पाकिटं एकाच आकाराच्या चौकटीत दिसतात. ४५० ग्रॅमचं पाकीट आणि ५०० ग्रॅमचं पाकीट चित्रात जुळी भावंडं वाटतात. किंमत सारखी असेल तर पहिलं ११ टक्के महाग पडलं, हे चित्रावरून कळणं अशक्य. कंपन्या किंमत तीच ठेवून आतला माल कमी करतात तेव्हा दुकानात निदान हाताला हलकेपणा जाणवतो, इथे तेवढाही आधार नाही. प्रति किलो किंवा प्रति लिटर भाव बारीक अक्षरांत दिलेला असतो, तोच वाचा. दिलेला नसेल तर भागाकार करा. ‘मोठं पाकीट म्हणजे स्वस्त’ हे नेहमी खरं नसतं, हेही त्या भागाकारात कळतं.

दुकानात जाण्याचा खर्च मात्र आपण सोयीस्करपणे शून्य धरतो. पेट्रोल, पार्किंग, रिक्षा किंवा बसचं भाडं आणि रांगेतली वीस मिनिटं, हेही त्याच कागदावर मांडा. मगच कोण स्वस्त ते ठरेल आणि ते घरागणिक वेगळं ठरेल.

मोफत डिलिव्हरीसाठी थोडं सामान वाढवावं का?

आकार ४० वाचवण्यासाठी २०० चं नको असलेलं सामान घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पुढच्या पंधरवड्यात लागणारच असलेलं काही, म्हणजे साबण वगैरे, पुढे ओढून घ्यायचं असेल तर जरूर वाढवा. माझी मिठाची सहा पाकिटं अशीच जमली होती, पण मीठ खराब होत नाही म्हणून अब्रू राहिली.

डिलिव्हरी मोफत देणं त्यांना परवडतं तरी कसं?

बऱ्याचदा परवडत नाही. गोदामापासून तुमच्या गल्लीपर्यंत माल ट्रकभर एकत्र येतो, पण गल्लीतून दारापर्यंतचा तुकडा एकेका पिशवीसाठी वेगळा कापावा लागतो आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच असतो. ‘वेबव्हॅन’ ही अमेरिकी कंपनी १९९६ मध्ये निघाली. १९९९ मध्ये तिने २६ अवाढव्य स्वयंचलित गोदामं बांधण्यासाठी सुमारे १ अब्ज डॉलरचा करार केला आणि जुलै २००१ मध्ये तिचं दिवाळं वाजलं. गोदामं आधी आणि गिऱ्हाइकं नंतर असा उलटा संसार मांडला होता. आजच्या कंपन्या हा धडा गिरवून आल्या आहेत. म्हणूनच जाहिरातींसाठी जागा विकणं, मेंबरशिप आणि ते शेवटच्या पानावरचे बारीकसारीक आकार दिसतात. शोधल्यावर सगळ्यांत वर येणारी वस्तू अनेकदा जाहिरातीचे पैसे भरून वर आलेली असते. दोन बोटं खाली सरका.

फोनवरून मागवल्याने वायफळ खरेदी कमी होते म्हणतात. खरं का?

यादी लिहून बसलात तर होते. बिलाच्या रांगेत उभं असताना शेजारच्या चॉकलेटांवर हात जात नाही, पोटात भूक असताना बेकरीचा वास येत नाही, आणि मुलं सोबत नसतात. शिवाय एकूण रक्कम सतत डोळ्यांसमोर असते. ती फुगायला लागली की दोन वस्तू काढून टाकता येतात. दुकानात भरलेल्या ट्रॉलीतून वस्तू परत ठेवायला जाणारे फार थोडे.

पण एक अट आहे आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: ऑर्डर आणि डिलिव्हरी यांत अंतर हवं. कॅथरिन मिल्कमन, टॉड रॉजर्स आणि मॅक्स बेझरमन या अभ्यासकांनी ऑनलाइन किराण्याच्या ऑर्डरी तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडला. सामान जितक्या उशिरा येणार असेल तितका लोक कमी खर्च करतात. भाज्यांसारख्या ‘घ्यायला हव्यात’ अशा वस्तूंचं प्रमाण वाढतं आणि आइस्क्रीमसारख्या ‘आत्ता हवं’ अशा वस्तूंचं घटतं. परवासाठी सामान भरताना आपण शहाणे असतो, दहा मिनिटांनंतरसाठी भरताना तेवढे नसतो.

म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत आणून देणाऱ्या सेवा वाईट?

वाईट नाहीत, त्यांचं काम वेगळं आहे. पाहुणे दारात आणि दूध नासलेलं, तापातल्या मुलाला इलेक्ट्रॉल हवं, अशा वेळी त्यांना तोड नाही. घोटाळा होतो तो महिन्याचं सामान तिथून तुकड्या-तुकड्याने घ्यायला लागलं की. यादी नावाची गोष्टच उरत नाही. सकाळी अंडी, दुपारी बिस्किटं, रात्री चिप्स, आणि दरवेळी आकार वेगळा. महिनाअखेर माझ्या एका मैत्रिणीने ऑर्डरी मोजल्या तर चौतीस निघाल्या. घरात माणसं दोन.

ठरलेल्या वेळेच्या डिलिव्हरीत निवड जास्त मिळते आणि आकारही सहसा कमी असतो. तिचा तोटा एकच, दोन तास घरात अडकून बसावं लागतं.

मागवलेली वस्तू नव्हती म्हणून भलतीच आली. हे टाळता येतं का?

ऑर्डर देताना ‘वस्तू नसल्यास काय करावं’ असा पर्याय कुठेतरी असतो. बहुतेकांना तो कधी दिसलेलाच नसतो. शोधून काढा आणि शक्य असेल तर प्रत्येक वस्तूला वेगळं उत्तर द्या. पिठाचा ब्रँड बदलला तर चालतो, बाळाच्या दुधाच्या पावडरीचा चालत नाही. बदली वस्तू महाग असेल तर फरक कोण भरतं हेही आधी वाचून ठेवा. नियम सगळीकडे सारखे नाहीत.

घरात कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर?

बदली वस्तूचा पर्याय सरसकट बंद ठेवा. अ‍ॅपवर लिहिलेली घटकांची यादी जुनी असू शकते, कारण उत्पादक कृती बदलतो तेव्हा चित्र आणि मजकूर लगेच बदलेलच असं नाही. खरा मजकूर पाकिटावरचा. प्रत्येक वेळी, अगदी नेहमीच्या पाकिटावरचासुद्धा वाचा.

नग की किलो? माझा नेहमी गोंधळ होतो.

माझाही झाला होता. लसूण ‘१’ असं मागवलं, मनात पाव किलो. दारात एक माणूस मोठ्या कागदी पिशवीच्या तळाशी लसणाचा एकच गड्डा घेऊन उभा. त्याचं हसू दाबलेलं आणि माझंही. संख्येशेजारचं एकक वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही, एवढंच. वजनावर विकल्या जाणाऱ्या मालात अंतिम बिल थोडं खालीवर होऊ शकतं, कारण नेमकं वजन माल काढतानाच ठरतं.

दूध, मांस, मासे, गोठवलेले पदार्थ मागवणं सुरक्षित आहे का?

पाठवणाऱ्याची व्यवस्था नीट असेल आणि तुम्ही घरी असाल तर आहे. यातली दुसरी अट लोक विसरतात.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. नासणारा पदार्थ या तापमानात एकूण दोन तासांहून जास्त राहू नये आणि हवा ३२ अंशांपेक्षा तापलेली असेल तर एका तासाहून जास्त नाही. ‘एकूण’ या शब्दाकडे लक्ष द्या. वाटेतला वेळ, रखवालदाराच्या टेबलावरचा वेळ, तुमच्या ओट्यावरचा वेळ, सगळ्याची बेरीज. दारात पिशवी ठेवून जायला सांगायचं आणि आपण संध्याकाळी सातला घरी यायचं, हे साबणाच्या बाबतीत चालतं, कोंबडीच्या बाबतीत नाही.

फ्रीज ५ अंशांच्या खाली आणि फ्रीझर उणे १८ वर असावा. गोठवलेला पदार्थ आला की दाबून बघा. आत बर्फाचे कण अजून शाबूत असतील तर पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवायला हरकत नाही, पोत जरा बिघडेल एवढंच. पूर्ण सुटलेला आणि कोमट लागत असेल तर परत. पाकिटाच्या एका कोपऱ्यात बर्फाचा मोठा गोळा साचलेला दिसला, तर तो माल वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता असते. वास घेऊन, चाखून ठरवायला जाऊ नका, कारण आजारी पाडणाऱ्या सगळ्याच जिवाणूंना वास नसतो. विषाची परीक्षा कशाला?

तारीख उलटायला आलेला मालच आपल्या वाट्याला येतो असं वाटतं.

थोडंफार खरं आहे. आधी आलेला माल आधी काढायचा, हा गोदामांचा नियमच असतो आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून तो योग्यही आहे. दुकानात आपण हात लांब करून मागचं पाकीट काढतो, इथे तो हात आपला नसतो.

मात्र दोन वेगळ्या तारखांची गल्लत करू नका. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ ही चवीची, कुरकुरीतपणाची तारीख. ती उलटली म्हणून सीलबंद बिस्किटं विषारी होत नाहीत. ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ ही सुरक्षिततेची तारीख, ती पाळायचीच. दुधाचं पाकीट उद्याच्या तारखेचं आलं तर तक्रार करा. तांदळाचं चार महिन्यांनंतरच्या तारखेचं आलं तर भात लावा आणि विसरून जा.

सामान आल्यावर काय बघायचं?

आधी थंड माल जागेवर. मग अंड्यांचा ट्रे उघडा, बाटल्यांची झाकणं बघा, आणि यादीशी मोजणी करा. फाटलेलं, गळलेलं, फुगलेलं काही दिसलं तर पुसण्याआधी फोटो काढा. मी पहिल्यांदा तेल गळलं तेव्हा आधी फरशी स्वच्छ केली आणि मग तक्रार करायला बसले. पुरावा पोछ्यात गेला होता.

पैसे परत मिळतात का?

सीलबंद मालाचे सहसा मिळतात. भाजीपाल्याचे आणि दुधाचे मिळण्यासाठी मुदत फार थोडी असते, कधी काही तासांचीच. म्हणून ‘रविवारी निवांत बघू’ म्हणून चालत नाही. परतावा अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये हवा की बँकेच्या खात्यात, असं विचारलं तर खातं निवडा. वॉलेटमधले पैसे हे पुढच्या ऑर्डरसाठी त्यांनी तुमच्याकडून आधीच घेतलेले पैसे. चॅटवर तक्रार केली तर संभाषणाचे स्क्रीनशॉट ठेवा. दरवेळी नवीन माणूस येतो आणि रामायण पहिल्यापासून सांगावं लागतं.

फसवणुकीपासून कसं सांभाळायचं?

तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. ग्राहक सेवेचा नंबर सर्च करून शोधू नका, अ‍ॅपच्या आतून मदत मागा, कारण भामटे खोटे नंबर पेरून ठेवतात. परतावा मिळण्यासाठी तुम्हाला पिन घालावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि फोनचा पडदा कुणाला दाखवणारं अ‍ॅपही घ्यावं लागत नाही. पैसे घेताना हे काहीच लागत नाही, देतानाच लागतं. तिसरं, डिलिव्हरीचा ओटीपी आणि बँकेचा ओटीपी वेगळे असतात. मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय आकडा सांगू नका.

फसवणूक म्हणता येणार नाही पण जवळपास जाते अशीही एक जात आहे. आधीच टिक केलेली देणगी, उलटं धावणारं घड्याळ, ‘फक्त २ शिल्लक’, आणि नको म्हणायचं बटण फिकट राखाडी रंगात. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. ओळखता यायला लागल्या की त्या थोड्या विनोदीच वाटतात.

मेंबरशिप घ्यावी का?

गेल्या तीन महिन्यांत डिलिव्हरीचा आकार म्हणून किती भरले ते ऑर्डरींच्या इतिहासात बघा. मेंबरशिपच्या तीन महिन्यांच्या पैशांपेक्षा तो आकडा बराच मोठा असेल तरच. आणि आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा.

आईवडील एकटे राहतात. त्यांच्यासाठी ही सोय कितपत बरी?

खरं तर ही सोय निघाली तीच त्यांच्यासाठी. मे १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या गेट्सहेड इथे जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या आजींनी दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या रिमोटवरून मार्गारिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. मायकेल ऑल्ड्रिच यांनी विकसित केलेली व्हिडिओटेक्स यंत्रणा, म्हणजे टेलिफोनच्या तारेने टीव्ही संगणकाला जोडण्याची सोय, त्यामागे होती. वृद्धांना आणि बाहेर पडू न शकणाऱ्यांना मदत व्हावी म्हणून तिथल्या नगर परिषदेने ही योजना राबवली होती. घरून केलेल्या ऑनलाइन खरेदीचा आरंभ अनेकदा इथूनच सांगितला जातो.

आज दुसऱ्या गावातून आईच्या पत्त्यावर सामान पाठवता येतं, हा मोठा दिलासा आहे. पण त्यांना विचारून पाठवा. माझ्या वडिलांसाठी दुकानापर्यंतची फेरी हाच दिवसातला चालण्याचा व्यायाम होता आणि चार माणसं भेटण्याचं निमित्तही. मी उत्साहाने सगळंच घरपोच करून टाकलं तेव्हा ते दोन आठवड्यांत कंटाळले. आता जड सामान मी पाठवते, ब्रेड आणि फळं ते आणतात. हिशेब चुकला की मला फोन येतो, त्यातही त्यांना मजा वाटते.

पर्यावरणाच्या दृष्टीने काय बरं?

तुम्ही दुकानात कसे जाता यावर आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एरिका वायगोनिक आणि अ‍ॅन गुडचाइल्ड यांनी २०१३ मध्ये सिअ‍ॅटल परिसरासाठी हिशेब मांडला. प्रत्येकाने आपापली गाडी काढण्यापेक्षा एका ट्रकने घरोघरी सामान पोचवलं तर कार्बन डायऑक्साइड २० ते ७५ टक्के कमी सुटतो, आणि जवळजवळची घरं एकत्र घेतली तर ८० ते ९० टक्के. यातला ‘एका ट्रकने’ हा भाग निसटू देऊ नका. एका ब्रेडसाठी एक दुचाकी धावली तर ते गणित लागू होत नाही, आणि तुम्ही पायीच जात असाल तर मुळात स्पर्धाच नाही. पिशव्या आणि खोक्यांचा कचरा ऑनलाइनमध्ये जास्त, यात मला तरी शंका नाही.

आणून देणाऱ्यांना त्रास होतो का आपला?

होतो, आणि तो कमी करणं आपल्या हातात असतं. पत्ता नीट लिहा, मजला लिहा, फोन उचला. पाऊस कोसळत असताना चिप्ससाठी कुणाला पळवू नका. पाण्याचे जड कॅन असतील आणि लिफ्ट बंद असेल तर आधी कळवा, शक्य असेल तर खाली उतरा. भाजी खराब निघाली म्हणून पिशवी हातात देणाऱ्यावर चिडण्यात अर्थ नाही, त्याने ती निवडलेली नसते.

यादी फोनमध्ये ठेवावी की कागदावर?

फ्रीजवर कागद आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. घरातल्या ज्याला डबा रिकामा दिसेल त्याने लिहायचं. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, मी तो कागद समोर ठेवून ऑर्डर देते. ऑर्डर देण्याआधी फ्रीज आणि कपाट उघडून दोघांचा एकेक फोटो काढते. मीठ आता एकच पाकीट असतं.